गोळीवरचं दूध

कडूबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. नवरा बद्रीनाथ, उभा जन्म कन्नडच्या घाटात एसटी चालवलेला माणूस, कंपवातानं आखडून बाजेवर पडला होता. गोळ्या चालू होत्या, गुण मात्र येत नव्हता. वर पुढच्या आठवड्यात नातीचा, संस्कृतीचा, वैजापूरला साखरपुडा. "येईन तर माझ्या पायांनी. उचलून न्यायचं असंल तर मी येत नाय," असा बद्रीनाथांचा हट्ट.

आता कडूबाईंनी सेवेत कसर ठेवली होती म्हणाल, तर छे! हर्सूलच्या घरामागं म्हैस होती. गोळी उष्ण पडते, म्हणून ती गरम दुधावरच द्यायची, ही सासूची शिकवण. नवरा जास्त आखडला की पेला मोठा व्हायचा, आणि पेला मोठा झाला की नवरा आणखी आखडायचा. मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढून झाली.

मग म्हैस आटली. नाइलाजानं गोळी पाण्यावर दिली, तर बद्रीनाथ चक्क उठले की! शर्टाची बटणं लावली, अंगणात फेरी मारली. शेजारची भामाबाई म्हणाली, "दृष्टच व्हती, बाई." कडूबाई हरखल्या आणि नवऱ्याला ताकद यावी म्हणून डेअरीतून दूध घेऊन आल्या. दोन दिवसांत गडी पुन्हा बाजेवर. आता ह्याला काय म्हणावं?

त्या तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टर सावनीबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "गोळी कशावर देता, आजी?"

"दुधावर. अन् कशावर देणार?"

सावनीबाई समजावू लागल्या. अंग हलवायचा निरोप पोचवायला मेंदूतल्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य बनवतात, बारीक पिशव्यांत साठवतात आणि वेळ आली की सोडतात. काम झालं की बरंचसं परत ओढून घेतात, बाकीचं मोडून टाकतात. आजोबांच्या ते बनवणाऱ्या पेशीच कमी झाल्यात. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी मोठी गोळी म्हणजे कच्चा माल, मेंदूत पोचल्यावर त्याचं डोपामिन होतं. छोटी गोळी ते लवकर मोडू देत नाही.

"मग दुधानं काय घोडं मारलं?"

"दुधातली प्रथिनं आणि ती मोठी गोळी, दोघांची आत जायची वाट एकच. एसटीच्या दारात रेटारेटी होते ना, तसं होतं. गोळी मागं राहते. दूध द्या, पण तासा-दोन तासांनी."

डोपामिन कडूबाईंच्या डोक्यावरून गेलं. दूध गोळीला आडवं येतं, एवढंच कळलं. "म्हंजे मीच पाडलं व्हय त्यांना बाजेवर?"

"तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं, आजी. ते राहून गेलं."

साखरपुड्याला बद्रीनाथ हळूहळू का होईना, आपल्या पायांनी मांडवात शिरले. कडूबाईंचे डोळे भरून आले, पण मनातला गोंधळ काही जाईना. मायेनं दिलेलं बाधावं कसं?

तेवढ्यात व्याह्यांनी केशरी दुधाचा पेला पुढं केला.

"नको," बद्रीनाथ म्हणाले. "दूध मला कधी आवडलंच नाय."

कडूबाई गर्रकन वळल्या. "अहो, मग इतकी वर्षं?"

"तू द्यायचीस ना."

रागवावं की रडावं, कडूबाईंना कळेना. व्याही पेला धरून उभेच होते. कडूबाईंनी तो घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.