आवाज बंद करून बघितलेला टीव्ही

टीव्हीवर काही गमतीचं झालं की आधी मुलगी हसायची, मग मी, आणि आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघून मग आमचे हे हसायचे. मुलीला वाटायचं, पप्पांना विनोद उशिरा कळतो. ती चिडवायची, "पप्पा, तुमची गाडी लेट आली." हे त्यालाही हसायचे. यांना टीव्हीतलं ऐकूच येत नाही, हे मला एकटीलाच माहीत होतं.

तीस वर्षं यांनी बमरोलीच्या कारखान्यात लूम, म्हणजे कापड विणायची यंत्रं चालवली, त्यात कान गेले. एकदम नाही, थोडे थोडे. समोर तोंड असेल तर घरातलं बोलणं कळतं, कारण हे ओठ वाचतात. लूमच्या खडखडाटात आवाजानं कुणी बोलतच नाही. ओठ हलवायचे आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. यात हे पटाईत. लग्न होऊन मी परभणीकडच्या गावातून यांच्या भेस्तानच्या खोलीत आले, तेव्हा मला बोलायची इतकी लाज, की चार माणसांत प्यायला पाणी मागणं जमायचं नाही. पहिल्याच आठवड्यात यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "आवाज काढू नको. नुसते ओठ हलव, मला कळतंय." मग सासूबाई, शेजारी, पाहुणे सगळे बसलेले असले तरी आम्ही दोघं बोलायचो आणि कुणाला पत्ता नसायचा. मी चौथीपर्यंत शिकले. ही भाषा मात्र मला लवकर आली.

कानाचं किती बिघडलंय ते मुलीला सांगायचं नाही, असं यांनीच मला बजावलं होतं. "उगं लेकराच्या डोक्याला ताप." तिला वाटायचं, सगळेच लूमवाले मोठ्यानं बोलतात आणि कमी ऐकतात, त्यात विशेष काय.

पण गेल्या वर्षापासून हे संध्याकाळी टीव्हीसमोर बसेनात. जुन्या टीव्हीत रात्रीचा प्रसंग आला की माणसांची तोंडं राखाडी व्हायची, ओठ दिसायचे नाहीत. मुलीला दिवा घालवून बघायची सवय, त्यामुळे आमचीही तोंडं अंधारात. हे हळूच उठायचे आणि दारात जाऊन बसायचे. घरात माणसं तीन, आणि त्यातलं एक दारात. मला ते बघवत नसे.

मुलगी कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. तिनं ठरवलं, या दिवाळीला मोठ्ठा टीव्ही घ्यायचा. ती आनंदात होती आणि मला धास्ती बसली होती. एवढा मोठा टीव्ही आला आणि यांना त्यातलंही काही कळलं नाही, तर हे दारातून परत आत यायचेच नाहीत.

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर फुलं, धबधबे, रंगीत पक्षी. दुकानातले गुजराती भाई मुलीला सांगत होते, "बेन, आ जुओ, केटलुं ब्राइट छे!" बघा, किती झगझगीत, म्हणून.

"आई, रंग बघ ना!" मुलगी म्हणाली.

रंग छानच होते. पण फुलांना ओठ नसतात.

आतल्या बाजूला काळा पडदा लावून एक टीव्ही वेगळा ठेवला होता. मुलीनं पसंत केलेल्यापेक्षा लहान. त्यावर काळ्या आकाशात कंदील उडत होते. ते काळं बघून मी थांबले. मी घरी साड्यांवर खडे चिकटवते, मला काळं कळतं. उतरलेल्या काळ्यावर खडा लावला की खडाही मळकट दिसतो. पक्क्या काळ्यावर तोच खडा उठून दिसतो. भाई म्हणाले, हा ओएलईडी. याच्या मागं दिवा नसतो, एकेक ठिपका आपला आपण उजळतो आणि जिथं काळं असेल तिथला ठिपका विझून जातो.

तोवर मुलगी मोठ्या टीव्हीकडे वळली होती. "भाई, हाच पक्का करू या."

"दादा," मी भाईंना म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, तेव्हा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "दादा, फुलं नको. माणसं लावा. अंधारात बोलणारी."

भाई हसले. "भुताचा पिक्चर लावू का, बेन?"

"नाही. मालिका लावा. दोन्ही टीव्हींवर. आणि आवाज बंद करा."

"आवाज बंद? अहो, याचा आवाज तर एक नंबर आहे!"

"बंदच करा."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला आज झालंय काय?"

भाईंनी दोन्हींवर एक मराठी मालिका लावली. लाइट गेलेलं घर, आणि मेणबत्तीच्या उजेडात सासू-सून भांडताहेत. हे मुलीच्या मागं उभे होते. मी नुसते ओठ हलवून विचारलं, "कशात कळतंय?"

यांनी मोठ्या टीव्हीकडे निरखून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग काळ्या पडद्याजवळच्या लहान टीव्हीपुढं जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे वळून तसंच, बिनआवाजाचं म्हणाले, "ह्यात. सून म्हणती, दागिने मी नाही घेतले. सासू म्हणती, मग काय मांजरीनं घातले?"

मला दुकानातच हसू फुटलं.

"का हसतेस?" मुलीनं विचारलं.

"काही नाही. हाच घ्यायचा."

"आई, लहान आहे गं तो!"

"असू दे लहान."

ती वाद घालणार होती. पण तिनं मागं वळून पप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्या मुक्या सुनेच्या ओठांवर खिळलेले होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग भाईंना म्हणाली, "हाच द्या."

रिक्षात हे पुढं बसले, आम्ही दोघी मागं. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"तू नववीत होतीस तेव्हापासून."

"आणि मी गाडी लेट म्हणायचे," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

समोरून उजेड पडू देऊ नका, असं भाईंनी सांगितलं होतं. म्हणून आम्ही कपाट सरकवून टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावला. यांची खुर्ची मुलीनं बरोबर समोर ठेवली. सगळंच जमलं असं नाही. दक्षिणेकडचा हिंदीत केलेला सिनेमा लागला की हे वैतागतात, "ह्याचं तोंड एक बोलतंय आणि तुम्ही हसता भलत्यालाच." त्याला इलाज नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मालिका सुरू झाली तेव्हा मी दिवा घालवायला उठले, तर मुलगी म्हणाली, "राहू दे. आपली तोंडं दिसायला पाहिजेत." मालिकेत सासू अंधाऱ्या जिन्यात उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. आम्हा दोघींना ते ऐकूच आलं नाही. आणि हे एकदम खो खो हसले.

आम्ही दोघी यांच्याकडे बघायला लागलो. "काय म्हणाली ती?" मुलीनं त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

हे डोळे पुसत म्हणाले, "तुझी गाडी लेट आली, पोरी."