सिद्धेशचं गाऱ्हाणं

विक्रोळीच्या त्या चाळीत सिद्धेशइतका बडबड्या माणूस दुसरा नव्हता. क्रिकेट असो की नळाचं पाणी, याचं मत तयार. पण दोन महिने झाले, गडी गप्प होता. ऑफिसच्या बॅगेत एक रिपोर्ट लपवला होता आणि तो सांगायचा कुणाला? मित्रांना? छे!

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. गोळ्या बायकोला, अक्षताला. इंजेक्शनं तिला, सोनोग्राफी तिची. तिच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी नवऱ्याची वीर्यतपासणीही सांगितली होती. "मला काय धाड भरलीय?" म्हणत यानं ती टाळली. अखेर घाटकोपरला दुसऱ्याच डॉक्टरकडे एकटा जाऊन आला. शुक्राणू शून्य!

"मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषातही कारण सापडतं," डॉक्टर म्हणाले होते. "नळी बंद आहे की शुक्राणू तयारच होत नाहीत, ते पुढे तपासू. मार्ग निघू शकतो. बायकोला घेऊन या."

यानं मान डोलावली आणि घरी येऊन मुकाट जेवला. शेजारी अक्षता बसलेली, तरी इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी त्याच्या वडिलांनी, धाकूंनी, कोकणातल्या गावच्या रीतीनं देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. घरचे हात जोडून उभे, प्रत्येक मागण्याला होकार द्यायला.

"बा देवा म्हाराजा! ह्या सुनेच्या कुशीत काय दोष आसात, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई विमला म्हणाली. अक्षताही म्हणाली, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्यानं.

सिद्धेशनं जोडलेले हात खाली घेतले. "बाबा, दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे."

अक्षतानं डोळे उघडले. "कधी कळलं तुला?"

"दोन महिने झाले."

"परवा इंजेक्शन घेतलं ना रे मी? तूच सोडलंस मला तिथे."

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय!

"पुढच्या तपासणीला मी येईन," ती म्हणाली. "पण आज माझ्याशी बोलू नकोस." आणि चप्पल घालून बाहेर गेली.

गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं. धाकूंनी मुलाकडे पाहत पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक सांभाळ रे म्हाराजा..."

विमलानं तोंडाला पदर लावला होता. मग सिद्धेशच एकटा म्हणाला, "व्हय म्हाराजा."