गाडी वर घ्यायची सोय

मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीसाठी आम्ही कामांची यादी बनवली होती. माझी ती पहिली नोकरी. मी वर्ध्याकडून आले होते, विश्रांतवाडीत तिघींबरोबर खोली घेऊन राहत होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आम्ही सगळे मिळून सहा जण. यादी ब्राउझरमध्ये उघडायची. आज कोणत्या गाडीत कोणता माल भरायचा, ते तिच्यात एकाखाली एक दिसायचं आणि हमालांचा मुकादम वरून सुरुवात करायचा. यादीतला क्रम तोच कामाचा क्रम.

तो बदलायला प्रत्येक ओळीपुढे दोन बाण होते, वर आणि खाली. बाण एकदा दाबला की ओळ एक जागा सरकायची आणि अख्खं पान पुन्हा लोड व्हायचं. बारावी गाडी पहिली आणायची तर अकरा वेळा दाबा, अकरा वेळा थांबा. ओळ माऊसने उचलून हवी तिथे सोडता येते, हे ट्रान्सपोर्टच्या मालकांनी कुठेतरी पाहिलं आणि आपल्यालाही तसंच हवं म्हणाले. ते काम माझ्याकडे आलं. तेव्हा असलं काही आयतं मिळत नसे. तीन आठवडे लागले. उचललेली ओळ जरा फिकी व्हायची, बाकीच्या ओळी सरकून तिला जागा करून द्यायच्या. ऑफिसात सगळ्यांनी ओढून पाहिली. आता गरज नाही म्हणून बाण मी काढून टाकले.

पंधरा दिवसांत मालकांचा फोन आला. बटाट्याच्या दोन गाड्या आधी भरून गेल्या आणि टोमॅटोचे क्रेट दुपारपर्यंत उन्हात पडून राहिले. यादी सांभाळणाऱ्या मॅनेजरांचं म्हणणं, सॉफ्टवेअर आपल्याच मनाने ओळी हलवतं.

प्रत्येक बदलाची नोंद राहत असे. ती मी काढली. त्या सकाळी टोमॅटोची ओळ बाराव्या जागेवरून उचलून आठव्या जागी सोडली होती. मग नवव्या, मग सहाव्या, पुन्हा आठव्या. त्यानंतर काही नाही. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं होतं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. नोंदींचा कागद छापून पिशवीत टाकला आणि मार्केट यार्डात गेले.

मॅनेजर साठीच्या जवळ आलेले, शर्टाला कडक इस्त्री.

"या. तुमची यादी फार शहाणी झालीय म्हणे," ते म्हणाले. "आम्हीच मागे पडलो."

मी शेजारी बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो काही वर येईना. चहासुद्धा त्यांनी डाव्या हाताने घेतला. "तुम्हीच करून दाखवा," असं चार वेळा म्हणाले, मी चार वेळा दाखवलं. तेवढ्यात मुकादम दारातून ओरडला, "साहेब, मिरची आलीय, वर घ्या!" मी तेव्हा उठून भिंतीवरचा गाड्यांचा तक्ता बघत होते. त्यांनी माऊस धरला. हात थरथरत होता. ओळ उचलली गेली, दोन जागा वर आली आणि सुटली. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. मी जवळ येऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी माऊस सोडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं. बाणांचं काही नव्हतं. बोट टेकवलं की झालं." मग माऊस माझ्याकडे सरकवत, "आता मालकांना सांगा, सॉफ्टवेअर ठीक आहे म्हणून. तुमचं ते कामच आहे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही घरी बसू. दुसरं काय?"

मिरचीची गाडी मी वर घेतली आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले. कागद पिशवीतच राहिला. "ओढताना ओळ चुकीच्या जागी सुटू शकते," मी म्हटलं. "आमच्याकडून पाहायचं राहिलं. दुरुस्त करून देते."

"आधी तपासत नाही का तुम्ही लोक?"

"नीट नाही तपासलं."

ते खोटं नव्हतं. तपासणारे आम्ही सहा जण, सगळे तिशीच्या आतले. पण आमच्या टीम लीडला ते पटलं नाही. "नोंदी बरोबर असताना चूक कबूल कशाला केलीस?" हाताबद्दल मी त्यालाही सांगितलं नाही. वर्षाअखेरीच्या शेऱ्यात माझ्या नावापुढे 'चाचणी अपुरी' असं आलं. दोन दिवस वाईट वाटलं.

दुरुस्ती साधी होती. प्रत्येक ओळीपुढे एक छोटा चौकोन ठेवला. त्यात जागेचा आकडा टाकून एंटर दाबायचं, ओळ तिथे जाते. एका बोटाचं काम, आणि पानही पुन्हा लोड होत नव्हतं. ज्या दिवशी ते सुरू केलं, त्या दिवशी मॅनेजरांचा फोन आला. "चालतंय," म्हणाले आणि ठेवून दिला.

ओढायची सोयही मी राहू दिली होती. पुढच्या वर्षी नोकरी सोडताना कोण काय वापरतं ते पाहिलं. मालक सोडून सगळे आकडाच टाकत होते. मॅनेजर आणखी दोन वर्षं त्या खुर्चीवर होते, असं मुकादमाकडून कळलं. हाताचं त्यांनी मधेच कधीतरी स्वतःच मालकांना सांगितलं होतं. मालक म्हणाले होते, "मग आधी नाही का सांगायचं?"