आतलं कापड

घाण दिसली की आमच्या सासूबाईंचे हात शिवशिवतात. घरातलं सोडाच, बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरवर डाग दिसला तरी त्या मला कोपरानं ढोसतात. "बघ, साबणच लावलेला नाही नीट!" हळू बोलणं त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे तो माणूसही ऐकतो. लग्न होऊन आल्यापासून त्या लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देतात, तेही कोळशाच्या इस्त्रीनं. मुलानं हौसेनं विजेची आणून दिली, तर "ही खेळण्यातली" म्हणून ती फळीवर गेली. मी त्यांना आई म्हणते आणि दिवसातून एकदा तरी त्यांच्याशी कडाक्याचं भांडते. त्याशिवाय आम्हा दोघींना जेवण जात नाही.

दुकान रस्त्याला लागून, मागे आमची खोली. मध्ये छातीएवढी भिंत आणि त्यावर जाळी. भिंतीला टेकून माझ्या मुलीची खाट. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. पण ही भिंगरी खोकायला लागली की थांबत नाही. चेहरा लालबुंद होतो. औषधं झाली, वाफारे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, हिच्या श्वासातून काहीतरी आत जातंय, ते कुठून येतं ते शोधा.

शोधायचं काय त्यात, डोंबल! समोरच फरशी कापायचा कारखाना. सकाळपासून घर्र घर्र, आणि राखाडी भुकटी गल्लीभर. आई त्या फरशीवाल्याच्या नावानं बोटं मोडायच्या. गल्लीतली माणसं एकदा त्याच्याकडे गेली, तर तो म्हणाला, "माझीच धूळ कशावरून? पुरावा आणा."

मग आली ती मोजणीवाली. हवेतली धूळ मोजणाऱ्या कुठल्याशा संस्थेची तरुण मुलगी, खांद्याला पिशवी, बूट धुळीनं भरलेले. आईंनी आधी बूट पाहिले, मग तोंड. तिनं घरोघर लाकडी चौकटी वाटल्या, प्रत्येकीत पांढरंशुभ्र कापड ताणून बसवलेलं. एक खिडकीबाहेर टांगायची, एक आत, मूल झोपतं तिथे. महिन्यानं ती त्या नेणार, कापडं तपासणार आणि सगळ्या गल्लीसमोर मांडणार.

"आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाल्या. समोरच्यानं 'छे छे' म्हणावं, एवढ्यासाठीच त्या असं म्हणतात.

"छे हो आजी," मुलगी म्हणाली. "आमची यंत्रं आहेत, पण ती शहरात दोनचार ठिकाणी, उंच खांबांवर. तुमच्या नातीच्या उशाशी काय उडतं ते तिथून कसं दिसणार? ते तुम्हीच सांगू शकता. तुम्ही काही करायचं नाही. टांगायचं, आणि जे होईल ते होऊ द्यायचं."

'काही करायचं नाही' हे आमच्या आईंना सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस सांगणं.

महिन्यानं ती आली. मी आत गेले तर चौकटी रिकाम्या! तेवढ्यात आई टेबलाखालून कागदात बांधलेलं पुडकं घेऊन आल्या. दोन्ही कापडं धुतलेली, खळ घातलेली, कडक इस्त्रीची.

"आमच्या दुकानातून मळकं कापड आजवर बाहेर गेलेलं नाही," आई म्हणाल्या.

मुलगी आ वासून बघत राहिली. "अहो आजी, मळच तर हवा होता!"

मी कपाळाला हात लावला. "कमाल केलीत आई! महिन्याची मेहनत नळाखाली घातलीत. तो फरशीवाला तिकडे मजेत, आणि आपली पोर इकडे खोकतेय!" एरवी मी एक बोलले की त्या चार ऐकवतात. त्या दिवशी "सवय हो, दुसरं काय," एवढंच म्हणाल्या आणि इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर फुंकर घालत बसल्या.

मुलगी भली होती. "बऱ्याच घरांतून पुसलेली चौकट येते," म्हणाली, "पाहुणे येणार म्हटलं की माणूस आवरतोच." तिनं नवी कापडं लावून दिली. या वेळी राखण माझी होती. आईंना मी बजावलं, फडकं घेऊन त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. बाहेरचं कापड हळूहळू राखाडी होत गेलं, आणि मला तर आनंदच झाला. सापडला की नाही चोर! आतली चौकट उंचावर, जाळीशी, तिकडे मी पाहिलंच नाही.

एका दुपारी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन आत आले, तर आई भिंगरीच्या खाटेवर उभ्या, आतल्या चौकटीला नाक लावून.

"हात लावाल तर खबरदार!" मी ओरडले.

"नाही लावत. तू ये इकडे. बघ."

मी वर चढले. कापड राखाडी नव्हतं. काळं होतं, काजळीसारखं तेलकट काळं, आणि जाळीकडच्या कडेला जास्तच. मी जाळीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. जाळीपलीकडे दुकानाचं टेबल, आणि त्यावर धुमसणारी इस्त्री.

"पहिलंही असंच होतं," आई म्हणाल्या.

"आणि तुम्ही धुतलंत?"

"तू बघू नयेस म्हणून."

मी काय बोलले ते इथे सांगत नाही. ऐकण्यासारखं नव्हतं. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "आतलं देऊच नका. फाटलं म्हणून सांगा. ते बघितलं की फरशीवाला सुटला, आणि गल्ली आपल्याला फाडून खाईल." खोटं नव्हतं ते. क्षणभर मलाही पटलं.

"खाऊ दे," आई म्हणाल्या. "एकदा झाकलं मी. पोरीचा महिना गेला त्यात."

मोजणीवाली आली तेव्हा आईंनी स्वतः दोन्ही चौकटी तिच्या हातात दिल्या.

शाळेच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून सगळ्यांची कापडं टांगली होती, खाली घरांचे नंबर. आतल्या कापडांत सगळ्यात काळं आमचं. मुलीनं समजावून सांगितलं, राखाडी ती दगडाची धूळ, काळी ती कोळशाची काजळी. लोकांच्या माना आमच्याकडे वळल्या. फरशीवाला तर टुणकन उठला. "बघा! धूर यांच्या घरचा, आणि नाव माझं!"

आई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "बाहेरची धूळ तुझी, बाबा. माझ्याच नाही, सगळ्यांच्या खिडकीवर तीच आहे. आतलं काळं माझं. माझी इस्त्री मी विझवून आलेय. आता तुझं बोल."

फरशीवाला "बघू, बघू" करत खाली बसला. धूळ उडू नये म्हणून पाण्याची धार सोडून फरशी कापायचं त्यानं पुढे मान्य केलं, पण त्यासाठी गल्लीला बरेच हेलपाटे घालावे लागले. मला मात्र आईंचा असा अभिमान वाटला की पुरे! बाहेर पडल्यावर त्यांना म्हटलंसुद्धा, "आई, मानलं तुम्हाला."

आई कोपऱ्यावर येऊन थांबल्या.

"तू बाजारात गेलीस ना, की मी भिंगरीला टेबलाजवळ घेऊन बसायचे गं," त्या म्हणाल्या. "खोकला वाढला की मुद्दाम. निखाऱ्याची ऊब लागेल, छाती मोकळी होईल म्हणून. तीही गप बसायची मांडीवर."

मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही दोघी घरी आलो.