कुत्र्याचे पाय मांजराला

अच्युतराव घैसासांनी कुणाला शिवी दिली, असं कारखान्याच्या वसाहतीतल्या एखाद्या मराठी घरी जाऊन सांगा, लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. हा माणूस रागाच्या भरातसुद्धा कुणाला गाढव म्हणायचा नाही. म्हटलंच, तर लगेच वर समजावून सांगायचा, की ‘गाढवासारखा’ म्हटलं तर उपमा, नुसतं ‘गाढव’ म्हटलं तर रूपक. आणि अशा माणसावर लेखी तक्रार, की यांनी मला कुत्ता म्हटलं! काय बोलावं आता?

मूळचे सांगलीचे. भोपाळला आले ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून. वीस वर्षांत एक लाल शेरा नाही. अक्षर असं, की साहेब लोक मुलीच्या लग्नाच्या पाकिटांवर नावं घालायला त्यांना बोलवायचे. हिंदी मात्र शेवटपर्यंत मराठीच राहिली, फक्त शेवटी ‘है’ लावलेली. “हमारे को क्या करने का है,” म्हणत वीस वर्षं निभावून नेली बिचाऱ्यांनी.

वसाहतीतली मराठी पोरं हिंदी शाळेत जायची आणि घरी येऊन ‘आई, मला भूक लागून राहिली’ म्हणायची. ते ऐकून अच्युतरावांच्या पोटात तुटायचं. म्हणून दर रविवारी सकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात फळा टांगून ते दहा-बारा पोरांना मराठी शिकवायचे. त्यातही जीव अलंकारांवर. “बाळांनो,” ते म्हणायचे, “शब्दाचा एक अर्थ कोशात असतो, दुसरा बोलणाऱ्याच्या मनात. कोशातला धरून बसाल तर फसाल. बोलणाऱ्याचं मन बघा!” पोरं माना डोलवायची आणि घड्याळाकडे बघायची.

आता तक्रारीचं सांगतो. स्टोअरमध्ये शंकरलाल नावाचा मदतनीस होता. राहायला आनंद नगरला, सायकलीवरून यायचा. वयाच्या चाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात जाऊन हा माणूस अक्षरं शिकला होता. शिकला आणि मोठ्या हौसेनं साहेबांना म्हणाला, “जावक रजिस्टर अब मैं लिखूँगा.” साहेबांनी परवानगी दिली. पहिल्या आठवड्याचं रजिस्टर अच्युतरावांच्या टेबलावर आलं, त्यांनी ते उघडलं आणि कपाळावर हात मारला. एक ओळ वर चढलेली, दुसरी खाली उतरलेली, बेअरिंग कुठलं आणि बोल्ट कुठला कळेना. घरी असते तर म्हणाले असते, ‘काय रे हे, कुत्र्याचे पाय मांजराला!’ आपल्याकडे गिचमिड अक्षराला आई-मास्तर सगळेच म्हणतात तसं. पण समोर शंकरलाल, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी मुद्दाम हिंदी केली.

“अरे शंकरलाल, ये क्या है? कुत्ते के पैर बिल्ली को लगाया है!”

सगळं स्टोअर हसलं. शंकरलालला एकच शब्द ऐकू आला, कुत्ता. त्यानं रजिस्टर उचललं, शर्टाला पुसलं आणि तो बाहेर गेला. अच्युतरावांना वाटलं, वरमला असेल, सुधारेल. दोन दिवसांनी कार्मिक विभागातून बोलावणं आलं.

तिथल्या सक्सेना साहेबांनी शंकरलालची तक्रार वाचून दाखवली. अच्युतराव उभ्या जागी घामाघूम. “साब, ये गाली नहीं है. ये हमारे में म्हण है... वो... कहावत! इसमें कुत्ता मतलब कुत्ता नहीं है!” बोलत गेले तसतसे जास्तच अडकत गेले. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि सौम्यपणे म्हणाले, “घैसास जी, बात बढ़ाने से क्या फ़ायदा? परसों तक राजीनामा लिखकर दे दीजिए, मैं फ़ाइल यहीं बंद कर देता हूँ.”

राजीनामा! वीस वर्षांची नोकरी, आणि एका म्हणीपायी राजीनामा! अच्युतरावांच्या कानांत दडेच बसले. का, कसं, कुठल्या नियमाखाली, काही विचारलं नाही. अपमान झाला की या माणसाची वाचाच बसायची. “ठीक है,” म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत घरी आले.

बायकोनं, कमलिनीबाईंनी, ऐकलं आणि हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं.

“अहो, माफी मागून टाका ना! काय जातंय आपलं?”

“कशाची माफी? शिवी दिलीच नाही मी. केली नाही ती चूक कबूल करू? त्यांना राजीनामा हवाय ना, मग घ्या म्हणावं!”

“आणि क्वार्टर? रजनीचं शाळेचं शेवटचं वर्ष, अकरावी बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर आलीय. पोरीला घेऊन जायचं कुठं? नागपूरला माझ्या भावाच्या दोन खोल्यांत? तुमचा ताठा राहील हो, आमचं काय राहील?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतरावांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एका कागदावर लिहिलं, ‘मैं अपना राजीनामा दे रहा हूँ. कृपया स्वीकार करें.’ कारणसुद्धा लिहिलं नाही. विभागातल्या कारकुनाकडे कागद दिला, मान वर न करता परत आले, आणि त्या दिवसापासून कामावर गेले नाहीत.

ते तीन दिवस कसे गेले, विचारू नका. पाळीचा भोंगा झाला की त्यांचे पाय आपोआप चपला शोधायचे, मग आठवायचं. रजनीला सांगितलं होतं, बाबांना रजा आहे. ती आतल्या खोलीत रसायनशास्त्र घोकायची, बाहेर कमलिनीबाई माळ्यावरची ट्रंक उतरवून भांडी भरायच्या. वाढायच्या, ताट उचलायच्या, परत ट्रंकेपाशी. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला त्या एवढंच म्हणाल्या, “लोकांच्या पोरांना अर्थ शिकवता, आणि स्वतःला एक वाक्य धड सांगता येईना.” अच्युतरावांनी ताट बाजूला सारलं. कारण खरं होतं ते. शंकरलालचा रागही येत होता आणि त्यानं रजिस्टर शर्टाला पुसलं ते डोळ्यांसमोरून हलतही नव्हतं. चाळिसाव्या वर्षी शिकलेली अक्षरं! आपण हसवलं सगळ्यांना. शिवी नव्हती हे खरं, पण मग काय होतं ते?

रविवार उजाडला. पोरं आली. कमलिनीबाईंना वाटलं, आज तरी परत पाठवतील. पण यांनी फळा टांगला आणि वर लिहिलं, ‘श्लेष’. “एक शब्द, दोन अर्थ,” घोगऱ्या आवाजात सांगायला लागले. “हे बघा, पान. वहीचं पान, झाडाचं पान, जेवणाचं पान...”

“आणि चौकातल्या पानवाल्याच्या गुमटीवरचं पान!” एक पोरगी ओरडली. सगळी हसली. अच्युतरावांना हसू आलं नाही. ही पोरं पुढच्या महिन्यात या व्हरांड्यात नसणार, की आपणच नसणार, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात फाटकाशी सायकल लागली. शंकरलाल! धुतलेला शर्ट, हातात मिठाईचा पुडा. अच्युतरावांच्या हातातला खडू मोडला. जखमेवर मीठ चोळायला आलाय की काय हा? दारात ट्रंकेचं कुलूप हातात घेऊन कमलिनीबाई उभ्या राहिल्या.

शंकरलाल पायरीशी आला आणि वाकला. “बाबूजी, तबीयत कैसी है? तीन दिन से आए नहीं. सक्सेना साहब बोले, बीमार होंगे, छुट्टी लगा दी है.”

“छुट्टी?” अच्युतराव म्हणाले. “हमने तो राजीनामा दिया है.”

“वही तो!” शंकरलालचे डोळे भरून आले. “साहब ने मुझे पढ़कर सुनाया. मैंने कहा, इतने बड़े आदमी ने मुझसे पहले राजीनामा लिख दिया! हमारे गाँव में खेत की मेड़ पर झगड़ा हुआ था बाबूजी, चाचा जी मर गए पर राजीनामा नहीं लिखा. सुलह में पहले झुकना छोटी बात है क्या? मैंने भी नीचे लिख दिया. अँगूठा नहीं लगाया, अपने हाथ से लिखा.”

सुलह.

अच्युतरावांना कळायला जरा वेळ लागला. इकडे राजीनामा म्हणजे समेट. मिटवून टाकणं. नोकरी सोडण्याला म्हणतात इस्तीफ़ा. साहेब बिचारा समेटच मागत होता, आणि आपण नोकरी फेकली. आणि फेकलेली नोकरी त्या एका शब्दानंच झेलून परत आणून ठेवली होती. मागे कुलूप खाली पडल्याचा आवाज झाला. कमलिनीबाईंनी तोंडाला पदर लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक.

वाचलो, असं आधी वाटलं. आणि मग लाज वाटली. हा माणूस ज्या कागदासाठी पाया पडायला आलाय, त्या कागदात नम्रपणा नव्हताच मुळी. निव्वळ ताठा होता. सांगावं का याला खरं? जिभेवर आलं होतं. पण शंकरलालनं खिशातून घडी केलेला कागद काढला. साहेबांनी दिलेली नक्कल. वर अच्युतरावांचं मोत्यासारखं अक्षर, आणि खाली, एक शब्द वर चढलेला, एक खाली उतरलेला, ‘मुझे मंज़ूर है. शंकरलाल.’

“पढ़ने में आता है न, बाबूजी?” त्यानं घाबरत विचारलं.

“आता है,” अच्युतराव म्हणाले. “साफ़ आता है. शंकरलाल, उस दिन हमने तुमको सबके सामने हँसाया... मतलब, तुम पर हँसाया. वो हमारी ग़लती है. हमको माफ़ करो.” वीस वर्षांत त्यांची हिंदी इतकी सरळ कधी आली नव्हती.

शंकरलाल गडबडला. फळ्याकडे बघायला लागला. अक्षरं ओळखीची होती, एकेक जुळवत त्यानं वाचलं, “श्... ले... ष. ये क्या होता है?”

“एक शब्द के दो मतलब!” पोरं एका सुरात ओरडली.

“अच्छा? फिर दोनों में सही कौन-सा?”

पोरांनी घैसासकाकांकडे बघितलं. काका दर रविवारी सांगायचे, बोलणाऱ्याच्या मनातला. अच्युतरावांनी तो कागद नीट घडी घालून शंकरलालच्या हातात परत दिला.

“जो आप समझे, वो,” ते म्हणाले. शंकरलालला ते पहिल्यांदाच ‘आप’ म्हणाले होते.

आत कमलिनीबाईंनी चहा करायला ट्रंकेतून कपबशा परत बाहेर काढल्या.