कढीपत्त्याचे पैसे
फोडणीत कढीपत्ता तडतडला की आईचं ते बेंगळूरला येणं आठवतं. कमठाण्याहून ती माझ्याकडं महिनाभर राहायला आली होती. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी इमारतीखाली भाजी घेताना सवयीनं दुकानदाराला म्हणाली, "अण्णा, वर थोडा कढीपत्ता टाक." आमच्या बीदरच्या बाजारात तो भाजीवर फुकटच मिळतो. त्यानं वेगळे पैसे सांगितले, तशी तिनं काड्या परत ठेवल्या. घरी येऊन मला महिन्याचं घरभाडं विचारलं. मी सांगितलं. "आपल्या तुरीचे वर्षाला एवढेच येतेत की रे," म्हणाली आणि एका भाकरीवरच उठली. "कामून ग आई?" "भूकच न्हाई." रात्रीही तसंच. सकाळी पिशवी भरत म्हणाली, "म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाई. मला जायला पाहिजे." मी बसमध्ये बसवून दिलं. पुढं गावी गेलो तेव्हा गोठा रिकामा होता. माझ्याकडं निवांत राहता यावं म्हणून तिनं म्हैस निघण्याआधीच विकली होती, असं शेजारच्या अक्कांनी सांगितलं. आई परत कधी आली नाही, आणि आता तर ती नाहीच. माझ्या बाल्कनीत कुंडीतला कढीपत्ता माझ्या डोक्याएवढा उंच वाढलाय. आता विकत घ्यावा लागत नाही, हे तिला सांगायचं राहून गेलं.