काष्टा मारून पिंपरीला

माहेरी परकरात होते तोवर मी भावाची सायकल बेधडक हाकायची. पुढे साडी आली आणि सायकल सुटली. कुणी मनाई केली नाही, कुणी विचारलंही नाही. बहुतेक बायकांची सायकल अशीच सुटते आणि वर लोक म्हणतात, बायकांना सायकल जमत नाही! ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं.

पन्नाससाठच्या दरम्यान पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मला औषधाच्या बाटल्या भरायचं काम मिळालं. आम्ही राहायचो निगडी गावात. तिथून पिंपरी म्हणजे चालून पायांचे तुकडे पडायचे. घरात सायकल होती, पण ती यजमानांची. खडकीची रात्रपाळी करून ते दिवस उगवता परतत आणि झोपत. सायकलही भिंतीला टेकून दिवसभर आराम करी. मी मात्र धावत सुटायची. भोंगा झाला की कारखान्याचं फाटक बंद होई आणि एकदोनदा मी बाहेरच राहिले. मुकादमानं स्पष्ट सांगितलं, "बाई, आता उशीर झाला तर पुन्हा येऊच नका." ती नोकरी मला जिवापाड हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर माझ्या हाताला किंमत आली होती.

यजमानांना विचारलं, "सायकल नेऊ का?"

"ने की," ते म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले.

मी सायकल बाहेर काढली. पण अंगावर होती गोल पाचवारी. कारखान्यातल्या शहरी बायका तशी नेसत, म्हणून मीही लुगडं पेटीत टाकलं होतं. गावंढळ दिसायची लाज वाटायची ना! सायकलला मधोमध ही आडवी दांडी. कशीबशी तिच्यावरून टांग टाकली, चार हात गेले आणि निऱ्या साखळीत अडकून पारासमोरच आपटले. पारावरची मंडळी खो खो हसली. एक म्हातारा म्हणाला, "बाईच्या जातीला न्हाई जमायचं त्ये."

साडी फाटली होती, कोपर सोललं होतं. रडत घरात शिरले तर सासूबाई दारातच उभ्या. आता बोलणी बसणार, असं मी धरूनच चालले होते.

त्या म्हणाल्या, "आगं येडे, शेतात आमी बांध वलांडतो, गाडीवर चढतो, त्ये काय आसलं गोल गुंडाळून? काष्टा कशापायी आस्तो मग? नेस लुगडं!"

त्यांनी माझी पेटी उघडली, स्वतः पुढं बसून मला लुगडं नेसवलं, काष्टा करकचून खोवला आणि पदर कमरेला बांधला. मग बाहेर येऊन सायकलचं कॅरिअर धरलं. "बस," म्हणाल्या. मी टांग टाकली. दांडी कुठं आडवी आली तेही कळलं नाही! सासूबाई पारापर्यंत मागं पळाल्या आणि तिथं मुद्दाम हात सोडून ओरडल्या, "बगा रं, बगून घ्या!"

मुंबई-पुणे रस्त्यावर मी जी पायडल मारत सुटले, ती आकुर्डी कधी मागं पडली ते समजलं नाही. ट्रकवाले वळून बघत होते. बघू देत. छाती फुटेपर्यंत आनंद झाला होता आणि मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते.

फाटक उघडंच होतं. आत सायकली लावायची जागा होती, सगळ्या पुरुषांच्या. मी माझी मधोमध उभी केली. पहारेकरी लगबगीनं आला.

"सायकल कुणाची, बाई? मालक कुठायत?"

"मालक घरी झोपलेत," मी म्हटलं. "कामावर मी आलेय."

तेवढ्यात भोंगा झाला. पहारेकऱ्यानं फाटक लावून घेतलं आणि मी आत होते.